'फॉल्टी टॉवर्स'चा संपूर्ण संच: जॉन क्लीझ लेखक म्हणून पाहायचा असेल तर

ब्रिटिश विनोदी नट-लेखक जॉन क्लीझ ज्यांना फक्त यूट्यूबवरच्या तुकड्यांतून माहीत आहे, त्यांनी 'फॉल्टी टॉवर्स' या हॉटेलावरच्या टीव्ही मालिकेचा हा डीव्हीडी संच जरूर घ्यावा. हॉटेलमालक बॅसिल फॉल्टी बंद पडलेल्या गाडीला झाडाच्या फांदीने बडवतो, तो तुकडा बहुतेकांनी पाहिलेला असतो. नुसता तेवढाच पाहिला तर एका चिडक्या माणसाचा आक्रस्ताळेपणा दिसतो. 'गोर्मे नाइट' हा भाग पहिल्यापासून पाहिला की चित्र बदलतं. सुरुवातीलाच गाडी कुरकुरत असते. बायको सिबिल गॅरेजला द्यायला सांगते, बॅसिल पैसे वाचवायला स्वतःच दुरुस्त करायला जातो. मग खास जेवणाच्या रात्री आचारी दारू पिऊन आडवा होतो, बदक दुसऱ्या रेस्टॉरंटातून आणावं लागतं, आणलेल्या बदकावर वेटर मॅन्युएलचा पाय पडतो आणि पुन्हा फेरी मारावी लागते. गाडी बंद पडते ती या दुसऱ्या फेरीत. फांदीच्या एकेका फटक्यामागे आधीची पंचवीस मिनिटं उभी आहेत.

बीबीसीने 2009 मध्ये नव्याने साफसूफ करून काढलेला तीन डिस्कचा संच, त्याबद्दल हे परीक्षण आहे. मालिकेचे भाग एकूण 12. सहा 1975 मध्ये दाखवले गेले आणि सहा 1979 मध्ये. लेखन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांचं. बूथने हॉटेलातल्या वेट्रेसचं, पॉलीचं, कामही केलं आहे. दोघं तेव्हा नवरा-बायको होते, 1978 मध्ये घटस्फोट झाला, तरी दुसरं पर्व त्यांनी एकत्रच लिहिलं. लोक क्लीझचं कौतुक करताना बूथला विसरतात, हे मला मनापासून खटकतं. सिबिल आणि पॉली या दोन बायका बॅसिलपेक्षा शहाण्या आहेत आणि त्यांच्या शहाणपणावरच त्याचा प्रत्येक डाव आपटतो. तो तोल या जोडीच्या लेखनातून आलेला आहे.

क्लीझचा इथवरचा प्रवास थोडक्यात. जन्म 27 ऑक्टोबर 1939, वेस्टन-सुपर-मेअर. केंब्रिजमध्ये शिक्षण कायद्याचं, ओढा मात्र फुटलाइट्स या विद्यार्थ्यांच्या विनोदी नाट्यमंडळाकडे. 1966 च्या 'द फ्रॉस्ट रिपोर्ट'मधून तो टीव्हीवर ओळखीचा झाला आणि 1969 मध्ये 'मॉन्टी पायथन' हा विनोदी चमूचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. त्या चमूबरोबर 1970 मध्ये तो टॉर्की गावातल्या ग्लेनईगल्स हॉटेलात उतरला होता. तिथला मालक डोनाल्ड सिंक्लेअर पाहुण्यांशी इतका तुसडेपणाने वागायचा, की क्लीझने त्याला मनात नोंदवून ठेवलं. पुढच्याच वर्षी 'डॉक्टर ॲट लार्ज' या मालिकेसाठी लिहिलेल्या एका भागात त्याने तसा हॉटेलवाला वापरला, आणि निर्माता हम्फ्री बार्कलेने यात अख्ख्या मालिकेचा ऐवज आहे असं त्याला सांगितलं. तिसऱ्या पर्वानंतर क्लीझ 'पायथन'मधून बाहेर पडला आणि बूथबरोबर या हॉटेलावर लिहायला बसला. बीबीसीच्या एका संहिता-संपादकाने पहिली संहिता वाचून ती ठोकळेबाज आणि भिकार असल्याचा शेरा मारला होता. नुसत्या कागदावर वाचणाऱ्याला तसं वाटणं समजू शकतं, कारण या लेखनाचा अर्धा भाग दारं, जिने आणि हातातल्या वस्तू यांत असतो.

लेखनाची पद्धत समजून घेतली तर संच दुप्पट आनंद देतो. एका भागाच्या संहितेला ते साधारण सहा आठवडे द्यायचे. आधी कथानक पूर्ण जुळवायचं, कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला नाही याचा पक्का आराखडा करायचा, संवाद त्यानंतर. अर्ध्या तासाच्या इतर मालिकांच्या मानाने या संहिता बऱ्याच जाड होत्या. त्यामुळे सगळी मंडळी भरधाव बोलतात आणि पळतात. आठवडाभर तालीम आणि मग स्टुडिओत प्रेक्षकांसमोर चित्रण, अशी रीत होती. म्हणजे ऐकू येणारं हसू बसलेल्या प्रेक्षकांचं आहे, आणि नट त्या हशासाठी किती थांबतात ते बारकाईने पाहण्यासारखं आहे.

या पद्धतीचा सर्वात चोख नमुना म्हणजे दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग, 'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स'. इथे विनोद अक्षरशः हिशोबावर चालतो. बॅसिल बायकोपासून लपवून घोड्यावर पैसे लावतो आणि 75 पौंड जिंकतो. त्याच दिवशी कमी ऐकू येणाऱ्या, भांडकुदळ मिसेस रिचर्ड्स आपले 85 पौंड चोरीला गेले म्हणून आरडाओरडा करतात. बॅसिलचे पैसे हॉटेलात कायम राहणाऱ्या विसराळू मेजरकडे ठेवलेले, मॅन्युएलला 'काहीच माहीत नाही' असं म्हणायला बजावलेलं. मग ज्याची गरज असते तो विसरतो, ज्याने बोलायला हवं तो पढवल्याप्रमाणे गप्प बसतो. शेवटाकडे बॅसिलच्या ध्यानात येतं, की आपण आयुष्यात पहिल्यांदा दहा पौंडांनी पुढे आहोत! आणि लगेच त्याच्याच हातून मिसेस रिचर्ड्सची फुलदाणी फुटते. लेखकाने एकही पौंड हवेत सोडलेला नाही. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांच्या फार्सवर प्रेम करणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हा भाग बघताना कसलीच ओळख करून द्यावी लागणार नाही.

अभिनयात क्लीझचं मुख्य भांडवल त्याची साडेसहा फुटांच्या आसपासची उंची. इतका लांब माणूस काउंटरमागे लपू पाहतो, वाकतो, पाय आखडतो तेव्हाच निम्मं काम झालेलं असतं. पण समोर मॅन्युएल झालेल्या अँड्र्यू सॅक्ससारखा लहानखुरा, मार खाण्यात तरबेज नट नसता तर हा आडदांडपणा क्रूर वाटला असता. सॅक्सने त्याची किंमतही मोजली. एका भागात क्लीझने मारलेलं पातेलं खरोखर धातूचं होतं आणि त्याला चांगलाच मार बसला. 'द जर्मन्स'मध्ये कपड्यांतून धूर यावा म्हणून लावलेल्या रसायनाने तो भाजला. प्रुनेला स्केल्सची सिबिल तर फोनवरच्या एका लांबलचक 'आय नो'मध्ये नवऱ्याला निष्प्रभ करते.

आता त्रुटी. चित्र जुन्या टीव्हीच्या 4:3 चौकटीतलं आहे. आतली दृश्यं व्हिडिओवर आणि बाहेरची फिल्मवर घेतलेली असल्यामुळे बॅसिल दाराबाहेर पडला की प्रतिमेचा पोत एकदम बदलतो. साफसफाईने हा फरक जात नाही आणि डिस्कचा तो दोष समजू नये. पहिला भाग 'अ टच ऑफ क्लास' इतर भागांच्या तुलनेत सैल आहे, कारण पात्रांची ओळख करून देण्यात वेळ जातो. 'द वेडिंग पार्टी'तला सोवळेपणा आज जुनाट वाटतो. 'द जर्मन्स'मध्ये मेजरच्या तोंडी वर्णद्वेषी शब्द आहेत. बीबीसीने 2013 च्या पुनःप्रक्षेपणात ते वगळले होते, त्यामुळे ऑनलाइन पाहताना कापलेली प्रत मिळू शकते. लेखकांनी मेजरला काळाच्या मागे राहिलेला माणूस म्हणूनच रंगवलंय, तरी मुलांबरोबर पाहणार असाल तर आधी स्वतः पाहून घ्या.

विकत घेताना खोक्यावरचा रिजन क्रमांक, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते तो आकडा, तपासा. ब्रिटिश आवृत्ती 2, अमेरिकन 1, भारतातले प्लेअर 5. मल्टी-रिजन प्लेअर नसेल तर डिस्क चालणारच नाही. इंग्रजी सबटायटल्स सुरू ठेवा, कारण बॅसिल पाठमोरा पुटपुटतो ती वाक्यं कानातून निसटतात. क्लीझची कॉमेंटरी बाराही भागांवर आहे, पण ती पहिल्या वेळी लावू नका. पुढे काय होणार हे आधी कळलं की फार्स मेला.

सुरुवात 'द हॉटेल इन्स्पेक्टर्स'ने करा. चमच्यांच्या विक्रेत्याला बॅसिल तपासनीस समजतो, एवढ्या एका गैरसमजावर सगळा भाग उभा आहे आणि पात्रं लगेच कळतात. त्यानंतर 'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स', 'द किपर अँड द कॉर्प्स', 'बॅसिल द रॅट', आणि उरलेले कुठल्याही क्रमाने. एका बैठकीत दोनच्या वर नकोत. बॅसिलच्या आरड्याओरड्याने तिसऱ्या भागापर्यंत कान थकतात आणि मग बारीक जागा सुटतात.