पहिल्या सरीचं पाणी आणि दोन मिलिमीटरचं भोक: बेटावर काही महिने वापरल्यावर

छपरावरचं पावसाचं पाणी साठवायचा संच: पत्रा, पन्हळ, फर्स्ट फ्लश डायव्हर्टर (पहिल्या सरीचं घाण पाणी टाकीबाहेर अडवणारा उभा पाइप) आणि दहा हजार लिटरची काळी टाकी. प्रवाळी बेटावर मिशनच्या कामाला मुलाबाळांसह राहणाऱ्या कुटुंबाला हा संच नवा नाही, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. टाकी उत्तम आहे. राग आहे तो डायव्हर्टरच्या बुडाशी असलेल्या २ मिलिमीटरच्या भोकावर.

पत्र्यावरची पाखरांची शीट, पालापाचोळा आणि लाटांच्या तुषारांनी बसलेलं मीठ पहिल्या सरीबरोबर खाली येतं. ते उभ्या पाइपात साठावं, पाइप भरला की आतल्या चेंडूने तरंगत वर जाऊन तोंड बंद करावं आणि पुढचं पाणी टाकीत वळावं, अशी योजना. ११० मिमी पाइपात मीटरमागे साधारण साडेआठ लिटर मावतात. छप्पर ५० चौरस मीटरचं असेल आणि पहिला अर्धा मिलिमीटर पाऊस सोडून द्यायचा असेल, तर २५ लिटर, म्हणजे तीन मीटर पाइप. इथवर हिशेब चोख.

पण तीन मीटर पाण्याच्या दाबाखाली त्या भोकातून तासाला पन्नासेक लिटर वाहून जातं. चेंडू वर बसला तरी गळती थांबत नाही, वरून नवं पाणी येत राहतं. पाऊस थांबला की तासाभरात पाइप रिकामा. बेटावरचा पाऊस मात्र एक सर, मग ऊन, दीड-दोन तासांनी पुन्हा सर असा पडतो. दर वेळी २५ लिटर मातीत, तेही धुतलेल्या पत्र्यावरचं स्वच्छ पाणी! ३ मिलिमीटरच्या सरीतून हाती लागतं जेमतेम सव्वाशे लिटर. त्यातला पाचवा हिस्सा असा जातो.

उपाय म्हणून भोक बुजवून तळाला तोटी बसवली. पाणी वाचलं, आणि कारखान्याच्या अकलेबद्दल बोलायला सगळ्यांना विषय मिळाला. पण तोटीला माणूस लागतो. चार कोरडे दिवस गेले, शनिवारी रात्री सर आली आणि तोटी कोणी उघडलेलीच नसली, तर पाइप जुन्या पाण्याने भरलेला, चेंडू वर चिकटलेला आणि सगळी शीट थेट टाकीत. रविवारी उपासनेनंतर तेच पाणी चहाला. शिवाय साचलेलं पाणी कुजतं ते वेगळं. तेव्हा भोक हवंच, फक्त एवढं मोठं नको.

१ मिलिमीटरचं भोक तासाला बारा-तेरा लिटर सोडतं, पाइप रिकामा व्हायला चारेक तास घेतं. लागोपाठच्या सरी त्यात निभावतात. विक्रेत्याकडे १ मिमीची चकती मागितली तर म्हणे तळाचा अख्खा सांधा घ्या! पीव्हीसीच्या टोपणाला १ मिमीचा ड्रिल मारला की तेच काम फुकटात होतं. यातली खोट अशी की वाळूचा एक कण भोक बुजवायला पुरतो. भोकाच्या आतल्या बाजूला शंकूसारखी बारीक जाळी हवी, ३१६ ग्रेडच्या स्टीलची. ३०४ ग्रेडचं स्टील खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. आठवड्याला टोपण काढून जाळी धुवायची. पाऊस थांबल्यावर पाच तासांनी पाइपावर टिचकी मारावी: आवाज बद्द आला, तर भोक तुंबलंय.

टाकीबद्दल थोडक्यात. भरल्यावर दहा टन भार येतो, म्हणून खालची वाळू ठोकून सपाट केलेली हवी. नळ तळापासून दहा सेंटिमीटर वर ठेवला की गाळ खाली राहतो, पण २.४ मीटर व्यासाच्या टाकीत साडेचारशे लिटर पाणीही अडकतं. ओव्हरफ्लोला जाळी नसेल तर डासांची पैदास ठरलेली. पाण्याला वास आला तर १२.५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट हजार लिटरला ४० मिलिलिटर घालून चोवीस तास थांबायचं.

सहा माणसांना माणशी वीस लिटर धरले तर दिवसाला १२० लिटर. रविवारी मंडळी जमते म्हणून ६० जास्त. म्हणजे तळाशी अडकलेलं पाणी वगळलं तर भरलेली टाकी पाऊस नसताना साडेदहा आठवडे पुरते. हा आकडा ऐषारामाचा वाटतो खरा, पण तुवालूत २०११ साली पावसाने अशी ओढ दिली की सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. विहीर खणू म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, प्रवाळी जमिनीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की खारं पाणी वर येतं.

वादळाचा इशारा आला की टाकीकडे जाणारा पाइप आधी सोडवायचा, नाहीतर वाऱ्याबरोबर आलेलं खारं पाणी टाकीत उतरतं. टाकी निदान एक-तृतीयांश भरलेली ठेवावी. रिकामी उडून जाते. वादळानंतर एक चांगली सर पत्रा धुऊन जाऊ द्यावी, मगच पाइप जोडावा.

घ्यायचा तर जरूर घ्या, पण बोटीत चढण्याआधी जास्तीचा चेंडू, रबरी रिंगा, दोन कोरी टोपणं आणि १ मिमीचे निदान तीन ड्रिल घेऊन ठेवा. ते ड्रिल फार लवकर मोडतात.