गळकं धरण: दुरुस्त करावं, पातळी उतरवावी, की पाणी दुसरीकडून आणावं?

ग्रामसभेत हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, धरण दुरुस्त करा. दुसरा म्हणतो, धरणाचा नाद सोडा, नवी नळपाणी योजना आणा. तिसरा मार्ग आहे, पाण्याची पातळी दोन मीटर खाली आणायची. तो कुणी मांडत नाही, कारण त्यात ना नारळ फुटतो ना कोनशिला बसते. लघु पाटबंधाऱ्याच्या कामांवर माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि माझा कल या तिसऱ्याकडेच आहे. का, ते हिशेबानं सांगतो.

आधी गावाला पाणी लागतं किती? वस्ती २,००० धरा. जलजीवन मिशनच्या मापानं माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे दिवसाला १ लाख १० हजार लिटर, ११० घनमीटर. पाऊस उघडल्यापासून पुढचा मिरग येईपर्यंत आठ महिने, २४० दिवस. झाले २६,४०० घनमीटर. गुरंढोरं, लग्नकार्यं आणि फुटकी पाइपलाइन धरून दुप्पट करा, ५३ हजार. आता धरण घेऊ या ८ लाख घनमीटरचं, कोकणात किंवा घाटाच्या पायथ्याला असतं तसं, १४ मीटर उंच, दोनशे मीटर लांब. पिण्याच्या पाण्याला त्यातला पंधरावा हिस्सा लागतो. बाकी सगळं शेतीचं, नाहीतर उन्हाचं.

हा आकडा डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, कारण ग्रामसभेत "धरण गेलं तर प्यायचं काय?" असं विचारलं की सगळे गप्प होतात.

दुसरी गोष्ट गळतीची. मातीचं धरण थोडं पाझरतंच. आपल्याकडे पाझर तलाव त्यासाठीच बांधतात, आणि कित्येक गावांची उद्भव विहीर, म्हणजे नळाला पाणी पुरवणारी विहीर, धरणाच्या पायथ्याशी त्या पाझरावरच जगते. प्रश्न किती पाझरतं यापेक्षा काय घेऊन पाझरतं याचा आहे. एक काचेची बाटली घ्या, गळतीखाली धरा, रात्रभर ओट्यावर ठेवा. सकाळी तळाशी गाळाचा थर दिसला तर भरावाच्या पोटातली माती निघून चालली आहे. मागे पोकळी होते, ती वरच्या बाजूला सरकत जाते, आणि एक दिवस तलावाला जाऊन भिडते. पाणी स्वच्छ असेल तर विचार करायला सवड आहे. गढूळ असेल तर हा लेख बाजूला ठेवा, खालची वाडी हलवा आणि तहसीलदारांना फोन लावा.

गळती मोजायची असेल तर पायथ्याच्या चरात व्ही-नॉच बसवा, म्हणजे काटकोनी त्रिकोणी खाच पाडलेला लोखंडी पत्रा. खाचेतून जाणाऱ्या पाण्याची उंची ५ सेंमी असताना सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी जातं. तीच १० सेंमी झाली की सव्वाचार लिटरच्या वर. उंची दुप्पट, गळती साडेपाच पट. "बोटभरच वाढलंय साहेब" असं कुणी म्हणालं की मी अजूनही दचकतो.

आता पर्याय.

नीट केलेली दुरुस्ती सगळ्यात चांगली, यात वाद नाही. भरावाच्या खालच्या अंगाला, जिथून पाणी फुटतं तिथे, आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी आणि वर दगड असा उलटा गाळणीथर घालतात. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. त्याबरोबर माथा खचला असेल तर उंचावणं, पाण्याकडचं दगडी अस्तर पुन्हा बसवणं, विमोचकाची, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या नळाची, झडप बदलणं. पण हे काम कोरड्या दिवसांतच होतं. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांत एक पावसाळा तर जातोच, कधी दोन जातात. त्यात आधी धरण कुणाचं हेच ठरत नाही. १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचं असेल तर जिल्हा परिषदेचं, त्यावर असेल तर राज्याच्या खात्याचं, आणि कागद दोन्हीकडे सापडत नाहीत.

दुरुस्तीच्या नावाखाली काय गळ्यात पडतंय तेही बघा. मातीच्या भरावात दाबानं सिमेंट भरू, गळती बंद, असं कुणी सुचवलं तर सावध व्हा. दगडी धरणाला असं ग्राउटिंग चालतं. मातीच्या भरावाला दाब जास्त झाला तर तोच भराव चिरतो. आणि पायथ्याला पाणी फुटतं तिथे काँक्रीट थापून तोंड बंद करणं हा तर शुद्ध अडाणीपणा. अडलेलं पाणी दुसरी वाट काढतं.

नवी योजना, म्हणजे दुसरा उद्भव. डोंगरातल्या झऱ्यावरून उतारानं येणारी योजना सगळ्यात स्वस्त, विजेचं बिल नाही. पण चैत्र सरता सरता झरा करंगळीएवढा होतो. बोअर आपल्या काळ्या कातळात नशिबावर. प्रादेशिक योजनेत पाणी खात्रीचं असतं, पण गाव वाहिनीच्या शेवटी असेल तर ती खात्री वरच्या गावांपुरतीच, आणि थकलेल्या वीजबिलापायी पंप बंद पडला की सगळ्यांचीच सारखी तहान.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. पाणी दुसरीकडून आलं म्हणून धरण रिकामं होत नाही. ते तिथेच, तितकंच भरलेलं उभं राहतं. उलट एक नुकसान होतं. आज पाणी सोडणारा माणूस रोज सकाळी धरणावर जातो, त्याला ओल वाढलेली दिसते, घुशीचं बीळ दिसतं, सांडव्यात, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या वाटेत, आडवं पडलेलं झाड दिसतं. नव्या योजनेनंतर तो जायचा थांबतो. भरावावर बाभळी वाढतात. खालची वाडी मात्र तिथेच असते. नवी योजना ही पाण्याची सोय आहे, धरणाच्या धोक्यावर उपाय नाही, आणि प्रस्तावात ही दोन कारणं हमखास एकाच परिच्छेदात कोंबलेली असतात.

राहिला तिसरा मार्ग, सांडवा दोन मीटर खाली कापणं. भराव नव्हे, सांडवा, तोही कातळात असेल तर. दरी वर रुंद, खाली अरुंद असल्यानं वरच्या दोन मीटरमध्येच पाणी जास्त असतं. आपल्या धरणात पाण्याची खोली ११ मीटर धरली, ती ९ केली, तर साठा ८ लाखांवरून साडेचार लाखांच्या आत येतो. जवळपास निम्मा गेला. ऐकायला भयंकर वाटतं, पण बाष्पीभवन आणि गाळ वजा करूनही ५३ हजारांच्या कितीतरी पट शिल्लक राहतो. गमावतो तो उन्हाळी शेतकरी, कलिंगडवाला आणि भाजीवाला. त्यांचा आवाज ग्रामसभेत मोठा असतो. धरणाखालच्या वाडीचा तेवढा नसतो.

बदल्यात भरावावरचा दाब कमी होतो, गळती उतरते आणि पूर पोटात घ्यायला जागा मिळते. सांडव्यावरून वाहायला पाण्याला दुप्पट उंची मिळाली की त्याची क्षमता पावणेतीन पटीवर जाते. मातीच्या धरणावरून पाणी जाणं म्हणजे शेवटच, म्हणून ही जागा गळतीइतकीच मोलाची. (आणि कित्येक गावांत याच्या नेमकं उलट करतात, जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचतात.) एक काळजी घ्या: तलाव घाईनं उपसू नका. पाण्याकडची भिजलेली माती आधार सुटताच घसरते. रोज वीतभर उतरवलं तर पुरे.

हे सगळं वहीतलं वाटत असेल तर तिवरे आठवा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं ते धरण फुटलं. साठा सुमारे २० लाख घनमीटर, म्हणजे ०.०७ टीएमसी (अब्ज घनफूट). कोयनेत अशी दीड हजार धरणं मावतील. तरी भेंदवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं गेली. गळतीच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या. मग खेकड्यांवर खापर फुटलं. खेकडे भरावात बिळं करतात, खोटं नाही. पण ती बुजवायची असतात, हे काही खेकड्यानं सांगायचं नसतं.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यावर फार विसंबू नका. १५ मीटरहून उंच धरणं त्यात सरसकट येतात. १० ते १५ मीटरमधली तेव्हाच, जेव्हा साठा किमान १० लाख घनमीटर किंवा लांबी किमान ५०० मीटर असते, किंवा पूर, पाया, रचना यांची काही खास अट लागू होते. कायद्यात आलं तर पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी बंधनकारक. आपलं १४ मीटरचं, ८ लाखांचं धरण साध्या पायावर असेल तर बाहेरच राहतं.

तेव्हा माझा क्रम असा. या मेमध्येच पातळी उतरवा, त्यासाठी लागणारी परवानगी आत्ताच मागा. दुरुस्तीचा प्रस्ताव त्याच दिवशी टाका आणि ती झाल्यावर, तपासणीनंतर, सांडवा पुन्हा उंचवायचा की नाही ते ठरवा. नव्या योजनेला विरोध नाही, पण तिच्या ठरावात धरणावर रोज जाणाऱ्या माणसाचा पगार लिहून घ्या. खाचेवरचे आकडे लिहायची वही आणि विमोचकाच्या झडपेची किल्ली त्याच्याकडे द्या. दुसरी किल्ली खालच्या वाडीत, धरणाकडे तोंड असलेल्या घरात ठेवा.