दाखला हातात द्यायचा का पोरगं शाळेतच ठेवायचं?

नववीतल्या पोरानं मारामारी केली नायतर कुणाचा मोबाईल ढापला की आमच्या सांगलीत एकच वाक्य, "दाखला घेऊन जावा." शाळेला हे सोपं पडतं, बाकीचे पालक गप्प होतात, दहावीचा निकालपण चकाचक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत काढता येत नाही, म्हणून नववीत बरोबर गाठतात.

पण पोरगं जातं कुठं? आमच्या गल्लीतला एक असाच, दाखला घडी घालून खिशात आणि सकाळी अकराला कृष्णेच्या घाटावर, सोबत विशीतली टोळकी, गुटख्याची पुडी, मग कुणाची तरी बिननंबरची गाडी, आणि आईला वाटतंय पोरगं नवीन शाळा बघतंय.

दुसरा ऑप्शन, ठेवायचं. मागच्या बाकावर नुसतं बसवून नाही हां! भाच्याच्या शाळेत पीटीच्या सरांनी असल्याच एकाला कबड्डीच्या ग्राऊंडवर रोज फक्कीनं रेषा मारायचं काम दिलं, भांडणं लगेच थांबली नाहीत पण पोरगं घंटेच्या आधी हजर व्हायला लागलं. गुन्हेगारीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या ट्रॅव्हिस हिर्शीनं १९६९ मध्ये हेच मांडलेलं, शाळेशी नातं घट्ट असलं की पोरं गुन्ह्याकडं कमी वळतात.

सरांचा वेळ लई जातो, मान्य. तरी माझं मत दुसऱ्यालाच. १८ च्या आतलं पोरगं गुन्ह्यात सापडलं तर बाल न्याय मंडळापुढं जातं, तिथंपण समुपदेशन सांगतात, पण तोवर त्याची दोन वर्षं घाटावर गेलेली असतात.