धबधबा पाहून पैसे दिले

वॉटर ड्रॅगनची दोन पिल्लं घरी आणली तेव्हा ती शेपटीसकट वीतभरही नव्हती. हा सरडा मुळात ओढ्याकाठच्या झाडांवर राहणारा. धोका दिसला की फांदीवरून थेट पाण्यात उडी घेतो, म्हणून त्याच्या घरात पाणी हवंच. ते घर बांधायचं काम मी एका कारागिराला दिलं. त्याने आधी केलेल्या धबधब्याचा व्हिडिओ दाखवला आणि मी लगेच हो म्हटलं.

या माणसाने धडधडीत खोटं फारसं सांगितलंच नाही. त्याची प्रत्येक थाप एखाद्या खऱ्या गोष्टीला टेकून उभी होती, त्यामुळे मला संशयच आला नाही.

"सिलिकॉन सुकायला वेळ लागतो, आठवडाभर पाणी भरू नका," हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण तेच कारण सांगून त्याने उरलेले सगळे पैसे त्याच संध्याकाळी नेले. आठवड्याने पाणी भरलं आणि सकाळी मागची भिंत पुरीसारखी फुगलेली! वॉटरप्रूफ प्लायच्या नावाखाली त्याने एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, पाण्याने फुगणारी फळी लावली होती. त्याने मागे टाकलेल्या कचऱ्यात सिलिकॉनच्या रिकाम्या नळ्या सापडल्या, त्या बाथरूमसाठीच्या, बुरशीनाशक घातलेल्या. ज्या पाण्यात प्राणी राहतात आणि जे ते पितात, तिथे हे चालत नाही. मत्स्यटाकीसाठीचंच सिलिकॉन लागतं. पैसे मात्र त्याने मत्स्यटाकीच्या सिलिकॉनचेच घेतले होते.

गळती दुसऱ्याकडून बुजवून घेतली आणि पिल्लं आत सोडली. खरं नुकसान त्यानंतर झालं.

"वर काचेचं झाकण असलं की ओलावा टिकतो." हेही खरंच. पण यूव्हीबीचा, म्हणजे उन्हात असतात तशा अतिनील किरणांचा, दिवा त्याने त्या काचेच्या वर बसवला होता आणि साधी काच यूव्हीबी किरण जवळजवळ सगळे अडवते. या किरणांमुळे सरड्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. वाढत्या पिल्लांना तर त्याची फार गरज. दीड-दोन महिन्यांत धाकट्याचे पाय थरथरू लागले, तो फांदीवरून घसरू लागला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडं विरळ झाली होती. मग यूव्हीबी मोजायचा मीटर मागवून दिव्याखाली धरला. काचेखाली शून्य, आणि झाकण काढून धरला तरी शून्यच. निळसर प्रकाशाचा तो साधा दिवा होता, वर फक्त चिकटपट्टी यूव्हीबीची. डोळ्यांना यूव्हीबी दिसत नाही, आणि कारागीर नेमका त्याचाच फायदा घेत होता.

"वाहतं पाणी स्वच्छ राहतं," असंही तो म्हणाला होता. वॉटर ड्रॅगन पाण्यातच विष्ठा करतात. फिल्टर नसलेला पंप तीच घाण धबधब्यावरून फिरवत राहिला. तळ्याला निचऱ्याची तोटी नव्हती. कडा गुळगुळीत काचेच्या, चढायला ना दगड ना लाकूड. एका सकाळी मोठं पिल्लू काठाशी दमून तरंगताना सापडलं. पोहणाऱ्या प्राण्यालाही बाहेर पडायला वाट लागते, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

तुम्ही कुणाकडून असं घर बांधून घेणार असाल तर सिलिकॉनची नळी आणि फळी काम सुरू होण्याआधी स्वतः पाहा. पाणी भरून दोन दिवस बाहेरची बाजू कोरडी राहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. सुकायला आठवडा लागणार असेल तर पैसेही आठवड्यानेच. दिवा जाळीवर किंवा आत बसवून घ्या आणि ज्या फांदीवर पिल्लू बसणार तिथेच मीटर धरा. जाळीही काही किरण अडवते, म्हणून अंदाजावर जाऊ नका. पंपाची वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊनच वर न्या, नाहीतर पाणी वायरवरून थेट सॉकेटमध्ये उतरतं.

तो आता फोन उचलत नाही. धबधबा मी काढून टाकला. त्या जागी रुंद, उथळ टब आहे, कडेला खडबडीत दगड, आणि पाणी रोज बदलते. मोठं पिल्लू त्यात तासन्‌तास बसतं. धाकटं औषधांनी वाचलं, पण त्याचा जबडा वाकडाच राहिला. नाकतोडा पकडताना अजूनही त्याचा नेम चुकतो, म्हणून त्याला मी चिमट्याने भरवते.