डोळ्यांखालचं फिलर काढून घेतलं: माटुंग्यातल्या क्लिनिकचा अनुभव

दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरवर मला पंचवीस वर्षं झाली. वय 49. डोळ्यांखालचे खड्डे आमच्याकडे वडिलोपार्जित आहेत, त्यांचं कधी वाईट वाटलं नव्हतं. पण रोज चार गिऱ्हाइकं "भाऊ, बरं नाही का?" विचारायला लागली की माणूस आरशात जास्त बघायला लागतो.

मार्चमध्ये अंधेरीत एका ठिकाणी जाऊन फिलर, म्हणजे खड्डा भरणारं जेल, टोचून घेतलं. दोन्ही डोळ्यांखाली मिळून एक मिलीची एक सिरिंज, 22,000 रुपये, वीस मिनिटांत मोकळा. कोणती औषधं चालू आहेत हे कुणी विचारलं नाही. हृदयासाठी मी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतो, ते मीही आपणहून सांगितलं नाही. ती माझी चूक. दहा दिवस डोळ्यांखाली काळंनिळं होतं. शेजारच्या दुकानदाराने हळूच विचारलं, "कुणाशी वाजलं?"

काळंनिळं उतरलं, पण एक निळसर फुगवटा मागे राहिला. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये तो मला दिसतच नव्हता. हिने सकाळी गॅलरीत चहा देताना पाहिला. "अहो, हे निळं काय?" साडीचा रंग बाहेर उजेडात नेऊन बघा, असं मी अख्ख्या दादरला सांगतो, आणि स्वतःचं तोंड मात्र ट्यूबलाइटखाली बघत बसलो! अंधेरीला फोन केला तर "सूज आहे, मसाज करा." दुसऱ्या फोनला "डॉक्टर बाहेरगावी आहेत."

मग एका गिऱ्हाईक बाईंनी माटुंग्यातलं हे क्लिनिक सांगितलं. डॉक्टर बाई त्वचारोगतज्ज्ञ, एमडी. मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक दारावरच्या पाटीवर. पहिला अर्धा तास नुसते प्रश्न. गोळ्या कोणत्या, हल्ली दाताचं काही काम केलंत का, ओठावर तापाचे फोड (जर) येतात का, आणि मधमाशी चावल्यावर कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का. शेवटच्या प्रश्नाला मला हसू आलं. पण जेल विरघळवणारं जे औषध, हायल्युरॉनिडेज, तसलंच एन्झाइम मधमाशीच्या विषातही असतं म्हणे. ज्याला त्या डंखाची ॲलर्जी, त्याला हे इंजेक्शनही बाधू शकतं.

निळ्या रंगाचं कारण त्यांनी कागदावर काढून दाखवलं. डोळ्याखालची त्वचा पातळ असते. तिथे जेल फार वर बसलं की त्यातून प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो. मसाजने ते जात नाही. "कोणत्या कंपनीचं होतं? खोक्यावरचं स्टिकर दिलं का?" माझ्याकडे काय असणार! अंधेरीहून व्हॉट्सॲपवर एक शब्द आला: "इम्पोर्टेड". हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल या औषधाने विरघळतं, दुसऱ्या प्रकारची फिलर विरघळत नाहीत. म्हणून आधी हातावर ॲलर्जीची चाचणी घेतली, मग एका डोळ्याखाली अगदी थोडं टोचून दोन दिवस थांबायला सांगितलं. चुरचुरलं, सुजलं, आणि तिसऱ्या दिवशी तो फुगवटा बसला. दुसरा डोळा पुढच्या आठवड्यात. तपासणीचे 1,500, औषधाचे दोन वेळचे मिळून 9,000. म्हणजे भरायला 22,000 आणि उपसायला साडेदहा.

मला सगळ्यात जास्त पटलं ते वेगळंच. निळेपणा हा त्यातल्या त्यात साधा त्रास, असं त्या स्पष्ट बोलल्या. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी पांढरीफटक पडते किंवा जाळीसारखी जांभळी दिसते, भयंकर दुखतं, तो भाग मरूही शकतो. क्वचित डोळ्याची रक्तवाहिनी बंद होऊन नजर जाते. भुवयांमधली जागा आणि नाक त्या बाबतीत जास्त धोक्याचं. असं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी फोन. फिलर टोचणाऱ्याच्या कपाटात हायल्युरॉनिडेज तयार असायलाच हवं. त्यांनी फ्रिज उघडून कुप्या दाखवल्या. अंधेरीत तसलं काही होतं का, देव जाणे.

रक्ताची गोळी पुढे कधी थांबवायची झाली तर ते तुमचे हृदयाचे डॉक्टर ठरवतील, मी नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आता पुन्हा भरून घेऊ का, असं मी विचारलं. "आधी सगळं निवळू द्या. आणि खरंच हवंय का, तेही बघा." गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. अजून भरलेलं नाही.

पाचपैकी चार तारे देतोय. एक कापला तो असा. साडेपाचची वेळ दिली, आत घेतलं सव्वासातला. संमतिपत्र पूर्ण इंग्रजीत. माझ्या पुतणीने फोनवर वाचून समजावलं. मराठीत करायला त्यांना काय हरकत आहे? क्लिनिक तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट अधूनमधून बंद असते. बिल न मागता मिळालं, त्यावर औषधाचा बॅच नंबर होता. सोमवारी बंद.