घरबसल्या भागधारकाचे मत: ई-मतदान सेवेचा अनुभव

डीमॅट खात्यात मोजकेच समभाग असलेल्या माणसाला कंपनीच्या संचालकांना जाब विचारता यावा, यासाठी कंपनी कायदा २०१३च्या कलम १०८ने दिलेली ई-मतदानाची सोय मी गेली काही वर्षे नेमाने वापरतो आहे. किमान तीन दिवस खुले राहणारे हे मतदान सर्वसाधारण सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होते; एकदा नोंदवलेले मत बदलता येत नाही. मतदान पाच मिनिटांत उरकते, मात्र ज्यावर मत द्यायचे तो ठराव शेकडो पानांच्या वार्षिक अहवालासोबतच्या सूचनेत शोधावा लागतो, आणि सेवेची खरी उणीव हीच आहे.

प्रवर्तकांपुढे, म्हणजे कंपनी उभारून तिचा ताबा राखणाऱ्यांपुढे, आपल्या मताला काय किंमत, ही शंका रास्तच. तरीही विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट अनुकूल मते लागतात. ऑगस्ट २०२१मध्ये आयशर मोटर्सच्या भागधारकांनी व्यवस्थापकीय संचालक सिद्धार्थ लाल यांच्या वेतनवाढीसह फेरनियुक्तीचा ठराव याच अटीमुळे रोखला, आणि मोबदल्याची मर्यादा खाली आणल्यावरच पुढे मंजुरी मिळाली. अर्थात तिथे वजन म्युच्युअल फंडांसारख्या संस्थात्मक गुंतवणूकदारांचे होते.