सशांचे पिंजरे आणि फॉगरचा संच: एका उन्हाळ्याच्या वापरानंतरचा अभिप्राय

नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला असलेल्या आमच्या मळ्यात मी गेली चार वर्षे डच आणि न्यूझीलंड व्हाइट या दोन जातींचे ससे प्रदर्शनाच्या दृष्टीने वाढवतो. या वर्षी फेब्रुवारीत अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेटरकडून सहा पिंजरे, पिल्लांसाठी पत्र्याच्या दोन पेट्या आणि शेडमध्ये लावायचा, पाण्याचे बारीक तुषार उडवून हवा थंड करणारा फॉगरचा संच असे सगळे एकत्र घेतले, त्याला वाहतुकीसह २६,००० रुपये लागले. ‘आता उन्हाळ्याची काळजी मिटली, बारा महिने वीण घ्या,’ असे त्यांनी पैसे घेताना सांगितले होते. पिंजऱ्यांचे पैसे वसूल झाले, फॉगर अर्धाच उन्हाळा कामाचा ठरला आणि पत्र्याच्या पेट्या मात्र कोणी फुकट दिल्या तरी घेऊ नयेत, असे माझे मत झाले आहे.

पिंजरा अडीच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे, म्हणजे चार-पाच किलोच्या न्यूझीलंड मादीला पेटीसह पुरेसा. जाळी १४ गेज जाडीच्या तारेची असून वेल्डिंगनंतर गॅल्व्हनाइज केलेली, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली आहे. या गोष्टीसाठी चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही, कारण सशाचे मूत्र तीव्र असते आणि आधी गॅल्व्हनाइज करून मग वेल्डिंग केलेली जाळी सांध्यांपासून गंजू लागते. फॅब्रिकेटरचा आग्रह तीन मजली मांडणीचा होता, जागा वाचते म्हणून. मी एकाच रांगेत, कमरेच्या उंचीवर पिंजरे बसवून घेतले. तीन मजल्यांत वरच्या सशाला छपराच्या पत्र्याची धग लागते आणि खालच्याला लेंड्या-मूत्राचा अमोनिया, त्यामुळे उन्हाळ्यात सुखी असलाच तर मधला एकटाच असतो.

दोन चुका मात्र गंभीर होत्या. तळाची जाळी एक इंच बाय अर्धा इंच चौकटीची असते आणि तिच्या अर्ध्या इंचाच्या अंतरावरील तारा वरच्या बाजूला यायला हव्यात, म्हणजे पायाला आधार सलग मिळतो. सहापैकी चार पिंजऱ्यांत ही जाळी उलटी बसवलेली होती. मागच्या पायांच्या तळव्यांवरचे केस झिजू लागल्यावर ही गोष्ट माझ्या लक्षात आली. तळव्याला जखम असलेला ससा परीक्षकाच्या टेबलावर नेण्यात अर्थ नसतो, आणि ती जखम भरायला फार वेळ लागतो. दुसरी चूक बाजूच्या जाळीची. ती दोन इंच बाय एक इंचाची असल्यामुळे पाजताना आचळाला लटकून पेटीबाहेर आलेले पिल्लू सहज बाहेर घसरते. पिल्लांचे डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात, तोवर त्यांना परत जाण्याची वाट कशी सापडणार? मार्चच्या विणीतली दोन पिल्ले मला अशीच सकाळी जमिनीवर मेलेली सापडली. बाजूच्या तळाशी चार-पाच इंच उंचीची बारीक जाळीची पट्टी असती, तर ती वाचली असती.

आता फॉगरविषयी थोडे सविस्तर. सशाला घाम येत नाही. शरीरातली उष्णता तो मुख्यतः कानांतल्या रक्तवाहिन्यांवाटे बाहेर टाकतो आणि त्याच्या धापा टाकण्याने कुत्र्यासारखा उपयोग होत नाही. त्याला १५ ते २० अंश सेल्सियस तापमान मानवते आणि ३० अंशांच्या वर त्रास सुरू होतो. नाशिकची रात्र मे महिन्यातही बऱ्यापैकी निवते, म्हणून आपल्याकडे खरी लढाई दुपारी बारा ते पाच या वेळेतलीच असते. एप्रिलच्या कोरड्या हवेत फॉगरने ती चांगली लढवली: बाहेर ३९ अंश असताना शेडमधला तापमापक ३३ दाखवत होता. बारीक तुषारांची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते, त्याचाच हा परिणाम. मात्र मेच्या शेवटच्या आठवड्यात वळवाचे ढग जमू लागले, हवा दमट झाली आणि तोच संच जेमतेम एक-दीड अंश खाली आणू लागला. पाण्याची वाफच होईना, मग ते सशांच्या अंगावर, गवतावर आणि तळाच्या जाळीवर बसू लागले. ओल्या जाळीवर तळवे बिघडतात, ओल्या गवताला बुरशी धरते आणि ओल्या लेंड्यांतून अमोनिया उठून सशांना शिंका सुरू होतात. जूनच्या पहिल्या दिवशी मी संच बंद केला.

शिवाय आमच्या विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यामुळे तीन आठवड्यांत फॉगरची तुषार उडवणारी निम्मी तोंडे बुजली. द्राक्षबागायतदाराला ठिबकाच्या नळ्यांतले क्षार ॲसिडने धुण्याची सवय असते, परंतु सशांच्या डोक्यावरच्या नळीत ॲसिड सोडायचे धाडस मी केले नाही. तोंडे काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवली. हे काम नेमके द्राक्षांच्या खरड छाटणीच्या (उन्हाळ्यातल्या छाटणीच्या) गडबडीत करावे लागले, ही वेगळीच गंमत. संचासोबत गाळणी दिलेली नव्हती. ती असायलाच हवी. आणि भर दुपारी वीज गेली की पंप बंद, म्हणून गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि शहाबादी फरशीचे तुकडे यांची तयारी मला तरीही ठेवावी लागली. प्रत्येक पिंजऱ्यात ठेवलेल्या त्या फरशीवर ससे दुपारभर पोट टेकून पडून असत. तिला ना वीज लागते ना गाळणी.

सशांनी पाणी प्यायच्या निपलची (चोखल्यावर पाणी देणाऱ्या तोटीची) नळी काळी होती आणि ती शेडच्या बाहेरच्या कडेने, उन्हातून आणलेली होती. दुपारी निपलमधून कोमट नव्हे, चक्क गरम पाणी येत असे. ससा असे पाणी कमी पितो आणि पाणी कमी झाले की गोळीखाद्यही सोडतो. ती नळी मी आतून फिरवून घेतली.

पत्र्याच्या पेट्यांचा अनुभव वाईट आहे. मादी विण्याआधी आपल्या अंगाचे केस उपटून पिल्लांसाठी अंथरते. पत्र्याची पेटी आणि त्यात ती लोकर म्हणजे एप्रिलमध्ये भट्टीच. पिल्ले एकमेकांना बिलगून न राहता पेटीभर पांगलेली दिसली, तेव्हाच मी ती पेटी हलवली आणि सुताराकडून जाळीच्या तळाची लाकडी पेटी करून घेतली. गाभणकाळ ३१ दिवसांच्या आसपास असल्यामुळे अठ्ठाविसाव्या दिवशी पेटी ठेवण्याचा माझा नेम आहे. उन्हाळ्यात विणीनंतर त्यातली थोडी लोकर काढून घ्यावी लागते.

‘बारा महिने वीण’ हा दावा मात्र कोणत्याही पिंजऱ्याला पेलणारा नाही. तापमान सलग ३० अंशांच्या वर राहिले की नराची प्रजननक्षमता तात्पुरती जाते, आणि नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण दीड महिना लागत असल्यामुळे पाऊस पडून गारवा आला तरी परिणाम लगेच ओसरत नाही. मे महिन्यात मी पाच माद्या नराला दाखवल्या, त्यांतली एकच गाभण राहिली. प्रदर्शनासाठी पाळणाऱ्याचे यात फारसे नुकसानही नाही. अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनच्या नियमांत डच ससा सहा महिन्यांपर्यंत ज्युनियर गटात राहतो, म्हणून हिवाळ्यात दाखवायची पिल्ले ऑगस्टमध्ये जोडी लावून सप्टेंबरमध्ये मिळवलेलीच बरी. यापुढे माझे दोन्ही चांगले नर एप्रिलपासून जुन्या घराच्या माजघरात राहतील.

फॅब्रिकेटरच्या सेवेबद्दल तक्रार अर्धीच आहे. फोन केल्यावर दोन दिवसांत त्यांचा माणूस आला, त्याने चारही तळ उलटून बसवले आणि बाजूच्या पट्ट्या जोडून दिल्या. तळाचे पैसे घेतले नाहीत, पट्ट्यांचे घेतले. ते योग्यच, कारण मी मागणी करताना तसे सांगितले नव्हते. पेट्या परत घ्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. सकाळचे तिरपे ऊन पूर्वेकडच्या पिंजऱ्यात येऊन माझ्या काळ्या डच मादीची पाठ तांबूस पडली, तो दोष त्यांचा नाही, शेडनेट उशिरा लावणाऱ्या माझा आहे.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडेच आणखी चार पिंजऱ्यांची मागणी नोंदवली, फॉगर आणि पेट्या वगळून. या वेळी फक्त तोंडी सांगितले नाही. त्यांच्या कारखान्यातल्या फरशीवर खडूने तळाची जाळी काढून, अर्ध्या इंचाच्या तारा कोणत्या बाजूला हव्यात ते बाण काढून दाखवले.